मीठ घातलेला बर्फ

अमृतरावांचा फोन आला की मला तो उचलावासाच वाटायचा नाही. आठ वर्षांत या माणसाने चांगली बातमी द्यायला मला एकदाही फोन केला नव्हता. "मॅडम, लाइट गेली." "मॅडम, फ्रिजचा आवाज येगळाच येऊन राहिला." "मॅडम, लाइट येऊन पुन्हा गेली." एकदा मी वैतागून म्हणाले, "अहो, लाइट गेली तर मी काय खांबावर चढू?" त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "न्हाई मॅडम, तुमी काहून चढता," आणि दहा मिनिटांनी पुन्हा फोन करून लाइट आल्याचं कळवलं.

आमचं फार्मसी कॉलेज हिंगोलीच्या बाहेर, औंढ्याच्या रस्त्याला आहे. अमृतराव तिथल्या प्रयोगशाळेत मदतनीस. बाटल्या धुणं, पाणी गाळणं, फ्रिजवर लक्ष ठेवणं ही त्यांची कामं. नोकरी कंत्राटी, दर जूनला कागद नवा होतो आणि त्यावर विभागप्रमुख म्हणून माझी सही लागते. गाव सेनगावजवळचं गोरेगाव, वय पंचावन्नच्या पुढे, अंगावर कायम पांढरा शर्ट आणि खिशात निळ्या रिफिलचं पेन. लाइट कधी गेली, कधी आली हे ते एका वहीत लिहून ठेवायचे. तसं करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी आले की आधी फ्रिजला हात लावून बघायचे, आजारी लेकराच्या कपाळाला लावावा तसा, आणि मग चप्पल काढायचे.

या नोकरीआधी ते कुल्फी विकायचे. सायकलला मटका बांधून जवळा बाजारचा आठवडी बाजार, नरसीची जत्रा, लग्नाचे मांडव असं वीस वर्षं हिंडले. मग गावोगावच्या दुकानांत आइस्क्रीमचे फ्रिज आले आणि मटका माळ्यावर गेला. हे सगळं मला ठाऊक होतं, पण कुणाच्याही बायोडाटात असतं तेवढंच. त्याचा आपल्या कामाशी कधी संबंध येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी प्रॅक्टिकलच्या वेळी एका मुलीचं बोट काचेने कापलं. मी ड्रेसिंगची पेटी शोधत होते आणि पेटीची किल्ली नेहमीप्रमाणे ऑफिसात होती. तोवर अमृतरावांनी कुंपणाजवळून दगडी पाल्याची चार पानं आणली, तळहातावर चोळली आणि रस बोटावर पिळला. रक्त थांबलं. मी त्यांना रागावले. न धुतलेला पाला जखमेवर लावणं ही काय पद्धत झाली? पण तिथेच उभी असलेली संध्या खिल्लारे नावाची विद्यार्थिनी त्या पानांकडे बघत राहिली, आणि पुढच्या वर्षी एम. फार्मला तिने विषय घेतला तो दगडी पाल्याचाच, मार्गदर्शक मी.

दगडी पाला तुम्ही पाहिलेला असतो. बांधावर, रस्त्याकडेला, भिंतीच्या फटीत उगवतो. लांब दांड्यावर छोटंसं पिवळं-पांढरं फूल. खेड्यापाड्यांत विळा लागला की हाच पाला चोळून लावतात. अडचण अशी की त्याचा अर्क काढला तर तो काळपट हिरवा आणि चिकट निघतो, पाण्यात धड मिसळत नाही आणि कातडीत धड मुरत नाही. म्हणून संध्याने तो अर्क मेणासारख्या स्निग्ध पदार्थात, म्हणजे लिपिडमध्ये, वितळवून मिसळला, त्यात गरम पाणी ओतलं आणि यंत्राने इतका घुसळला की त्याचे बारीक बारीक कण झाले. किती बारीक? केसाच्या जाडीचे चारशे भाग केले तर त्यातला एक. अर्क त्या कणांच्या पोटात बसतो आणि कणांबरोबर कातडीत शिरतो. तयार झालेलं औषध दिसायला दुधासारखं, हिरवट झाक असलेलं. हे 'दूध' तीन महिने जसंच्या तसं राहिलं पाहिजे. कण एकमेकांना चिकटून मोठे झाले की सगळं मुसळ केरात.

संध्या जवळा बाजारची. वडील रोजंदारीवर आडतीत पोती उचलतात, आई लोकांच्या शेतात जाते. पोरीला संभाजीनगरच्या एका औषध कंपनीत नोकरी मिळाली होती, पण अट स्पष्ट होती: मेअखेर प्रबंध सादर झालेला हवा. त्यासाठी तीस, साठ आणि नव्वदाव्या दिवशी कणांचा आकार मोजायचा होता. नव्वदाव्या दिवशी आकार वाढलेला निघाला तर सगळं पहिल्यापासून, सहा महिने जादा, आणि नोकरी दुसऱ्या कुणाला तरी.

कणांचा आकार मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. त्यासाठी नांदेडला जावं लागतं. बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या डब्यात बाटल्या ठेवायच्या आणि एसटीने निघायचं. तिसाव्या दिवशी आकडा आला एकशे अडुसष्ट नॅनोमीटर. उत्तम. साठावा दिवस एप्रिलमध्ये आला. वाटेत एसटी पंक्चर झाली, बर्फाचं पाणी झालं, पाणीही तापलं. आकडा नशिबाने एकशे चौऱ्याहत्तर आला, पण मी मात्र दुसऱ्या दिवशी अमृतरावांना पोरांसमोर फैलावर घेतलं. "डबा तुम्ही भरला ना? साधा बर्फ सांभाळता येत नाही तुम्हाला? पोरीचं आयुष्य आहे त्या बाटल्यांत!" ते मान खाली घालून उभे होते. मला हे आज लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

नव्वदावा दिवस होता सोळा मे. पारा त्रेचाळीसवर होता. आदल्या दिवशी दुपारी अमृतराव माझ्या टेबलाशी आले.

"मॅडम, एक इचारायचं होतं. उद्याच्याला बाटल्या किती थंड पायजेत?"

मी उत्तरपत्रिका तपासत होते. त्यांच्या काळज्या ऐकून कान किटले होते. मान वर न करता मी म्हणाले, "जेवढ्या थंड राहतील तेवढं चांगलं. या वेळी बर्फ कमी पडला तर बघा हं, अमृतराव."

"न्हाई पडनार," ते म्हणाले. "त्याची फिकीर नका करू."

सकाळी सातच्या एसटीने संध्या निघाली. मांडीवर डबा, त्याला सुतळी आणि चिकटपट्टीचे चार वेढे. वाटेत अजिबात उघडायचा नाही, असं मी बजावलं होतं. फ्रिजमध्ये त्याच घाण्यातल्या तीन बाटल्या शिल्लक होत्या, पण त्यांच्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं.

दिवसभर मी फोन हातातून खाली ठेवला नाही. अकरा वाजता तिचा मेसेज आला, पोचले. एक वाजता, नंबर लांब आहे. तीन वाजता, अजून बसलेलीच आहे. पाच वाजता फोन आला आणि पलीकडून नुसते हुंदके ऐकू आले.

"मॅडम, बाराशेच्या वर आकडा आलाय. तीनही बाटल्यांत. नुसत्या डोळ्यांनीसुद्धा दिसून राहिलेत कण. रव्यासारखे."

"डबा गरम झाला होता का?"

"न्हाई मॅडम. उघडला तेव्हा बर्फ विरघळला होता, पण पाणी एकदम थंडगार होतं."

म्हणजे उष्णतेचा दोष नव्हता. म्हणजे औषधच टिकलं नव्हतं. मी घाबरले, आणि माझी भीती बाहेर पडते ती रागाच्या वाटेने. "तूच घुसळताना वेळ चोरला असशील," मी म्हणाले. "ठेव फोन. उद्या बोलू." मग व्हरांड्यात उभ्या असलेल्या अमृतरावांना ओरडून सांगितलं, "फ्रिजातल्या उरलेल्या बाटल्या ओतून द्या आणि धुवायला टाका. संपलं ते सगळं."

"काय झालं, मॅडम?"

"कण धरलेत. रव्यासारखे."

अमृतरावांच्या हातातला फडका खाली पडला. मला वाटलं, पोरीसाठी वाईट वाटलं असेल. ते वाकले, फडका उचलला आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाहिलं तर फ्रिजचा तो कप्पा रिकामा होता.

पुढचे तीन दिवस आम्ही दोघी चूक शोधत होतो. वही पुन्हा वाचली. लिपिड किती तपमानाला वितळवलं, किती मिनिटं घुसळलं, कुठल्या दुकानातून काय आणलं. संध्याचे डोळे सुजलेले. मी प्रत्येक ओळीवर तिला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारत होते आणि ती पोर प्रत्येक प्रश्नाला अजून थोडी बारीक होत होती. चौथा दिवस उजाडेपर्यंत तिला स्वतःलाच वाटायला लागलं होतं की तिनेच काहीतरी घोटाळा केलाय, फक्त काय ते आठवत नाही.

"मॅडम, कंपनीला कळवून टाकू का?" तिने विचारलं.

"उद्या कळव," मी म्हणाले. "प्रबंधात लिही, औषध टिकलं नाही."

या तीन दिवसांत अमृतरावांचं काहीतरी बिनसलं होतं. जेवणाचा डबा उघडायचे आणि तसाच झाकायचे. त्याहून विचित्र म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राच्या, म्हणजे 'मायक्रो'च्या, प्रयोगशाळेबद्दलचे त्यांचे फोन. "मॅडम, मायक्रोच्या लॅबची लाइट गेली." मी म्हणाले, "मग जाऊ द्या ना! आपला काय संबंध?" तरी संध्याकाळी पुन्हा फोन, "आली बरं का, मॅडम." मला वाटलं, उन्हाचा परिणाम.

चौथ्या दिवशी दुपारी ते माझ्या खोलीत आले. दार लावून घेतलं, जे त्यांनी आठ वर्षांत कधी केलं नव्हतं. एका हातात तो थर्माकोलचा डबा, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. डबा टेबलावर ठेवून त्यांनी झाकण काढलं. नांदेडहून येताना तळाशी उरलेलं थोडं पाणी वाळून गेलं होतं आणि तिथे पांढरा थर बसला होता.

"बोट लावून बघा, मॅडम."

"हे काय आहे?"

"चाखा."

मला काही कळेना. तरी मी बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. मीठ.

"जाडं मीठ हाय," अमृतराव म्हणाले. "मीच टाकलं. कुल्फीला टाकतात तसं. नुसता बर्फ नांदेडपातुर थंडी धरत न्हाई, म्हून दोन किलो बर्फात अर्धा किलो मीठ टाकलं. मिठानं बर्फ लई जहाल होतो, मॅडम. वीस वरसं तेच केलं मी."

मीठ घातलेला बर्फ. शून्याच्या कितीतरी खाली. बाटल्यांतलं औषध वाटेत दगडासारखं गोठलं असणार, आणि नांदेडला नंबर लागेपर्यंत डब्यातला बर्फ विरघळून ते पुन्हा पातळ झालं असणार. पाणी गोठताना कणांना एकमेकांवर दाबतं आणि ते चिकटतात. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते.

"तुम्हाला कधी कळलं?"

"तवाच. तुमी रव्यासारखं म्हनलात ना, तवाच." त्यांनी खाली बघितलं. "कुल्फी एकदा इतळली आन् पुन्हा जमवली तर अशीच रवाळ होती. गिऱ्हाईक फेकून देतं तोंडावर. मला येका मिनटात कळलं."

"मग तीन दिवस? ती पोर रडून रडून..."

"भ्यालो, मॅडम." ते सरळ बोलले. "जूनमधी माझ्या कागदावर तुमची सही लागती. पोरीची चूक निघाली तर तिला मापी भेटंल, माझी निघाली तर मला कोन ठेवतं? असं मनात आलं. आलं, न्हाई कशाला म्हनू. घरी माझी बायकू कमल म्हनली, तुमी जेवून काहून नाही राहिले. तिला पन सांगितलं न्हाई. पन आज पोरगी म्हनली, कंपनीला नको म्हनून कळवते. मंग माझ्याच्यानं नाही राहवलं."

त्यांनी वर्तमानपत्र सोडलं. आत तीन बाटल्या होत्या. दुधासारख्या, हिरवट झाक असलेल्या, गुळगुळीत. तळाला एक कण नाही.

"ह्या तुमी ओतायला सांगितल्या. म्या न्हाई ओतल्या. इथं ठेवल्या तर तुमाला दिसल्या असत्या, म्हून मायक्रोच्या फ्रिजात लपवल्या. लाइट जायची तवा तिथंच बसून राहायचो."

आता मला ते फोन कळले. या माणसाने तीन दिवस चूक लपवली आणि तीच चूक सिद्ध करणाऱ्या बाटल्या जिवापाड सांभाळल्या. त्या ओतल्या असत्या तर जगात कुणाला काही कळलं नसतं. बाटल्या धुणं तर त्यांचं कामच होतं, वर माझा हुकूम.

मला ओरडायचं होतं. तोंडही उघडलं. आणि मग माझंच वाक्य मला ऐकू आलं, 'जेवढ्या थंड राहतील तेवढं चांगलं.' त्यांनी विचारलं होतं. नेमका हवा तोच प्रश्न, नेमक्या हव्या त्या वेळी. मी मान वर करून 'चार ते आठ अंश, गोठू द्यायचं नाही' एवढे सात शब्द बोलले असते तर हे काही झालं नसतं. पण त्याआधी महिनाभर मी त्यांना बर्फावरून इतकं भ्यायला लावलं होतं की या खेपेला बर्फ कमी पडू नये यासाठी त्यांनी आयुष्यभराचं कसब त्या डब्यात ओतलं.

"बसा," मी म्हणाले. ते बसले नाहीत. "अमृतराव, बसा. चूक माझी आहे."

"असं नका म्हनू, मॅडम."

"मी म्हणणार. तुम्ही ऐका."

संध्याला बोलावलं. तिला सगळं सांगितलं, माझं वाक्यही सांगितलं आणि फोनवर जे बोलले त्याची माफी मागितली. मला माफी मागायची सवय नाही, त्यामुळे ती भाषणासारखी झाली. ती माझ्याकडे न बघता त्या तीन बाटल्यांकडेच बघत होती. मग ती उठली आणि अमृतरावांच्या पाया पडायला वाकली. ते दचकून मागे सरले. "अगं पोरी, मी तुजं वाटोळं केलं आन् तू पाया काहून पडते?"

नांदेडला फोन करून, हातापाया पडून बावीस तारखेची वेळ मिळवली. नव्वदाव्याऐवजी शहाण्णवावा दिवस, पण ते प्रबंधात खरंखरं लिहिता येतं. आता प्रश्न एवढाच होता की आकडा काय येतो. बाटल्या डोळ्यांना ठीक दिसत होत्या, पण डोळ्यांना हजारापर्यंतचं काही कळत नाही, आणि आमच्यापाशी मोजायला याच तीन बाटल्या उरल्या होत्या.

आदल्या दिवशी मी अमृतरावांना समोर बसवलं. थंडी का हवी, किती हवी, गोठलं तर काय होतं, सगळं चित्र काढून सांगितलं. अर्धा तास लागला. आठ वर्षांत मी त्यांना त्यांचंच काम पहिल्यांदा समजावून सांगत होते. ते मधेच म्हणाले, "म्हंजे बर्फाला बाटली टेकवायचीच न्हाई. मधी गोनपाट पायजे." आम्हाला हे सुचलं नव्हतं. त्यांनी बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, गोणपाट आणि बर्फ यांच्यामध्ये पुठ्ठा लावला आणि डब्याला भोक पाडून तापमापी खोचली.

तिघंही निघालो. डबा अमृतरावांच्या मांडीवर. कळमनुरी आलं, सहा अंश. वारंगा फाट्याला सात. ते ड्रायव्हरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने आकडा सांगायचे. अर्धापूरच्या अलीकडे एसटी थांबली, रस्त्यात ट्रक आडवा झाला होता. वीस मिनिटं गेली. आठ. संध्या ओठ चावत होती. अमृतरावांनी खांद्यावरचा टॉवेल प्यायच्या बाटलीतल्या पाण्याने भिजवला, डब्यावर पसरला आणि वाऱ्यासाठी खिडकीकडे सरकले. साडेसात. मी देवाधर्माची बाई नाही, पण त्या वीस मिनिटांत मी बरंच काही कबूल केलं.

नांदेडला पहिलाच नंबर होता. यंत्र एक नमुना मोजायला दोन-तीन मिनिटं घेतं. अमृतराव बाहेर चपला काढून दारात उभे. पडद्यावर आकडा आला.

एकशे सत्त्याहत्तर.

दुसरी बाटली, एकशे पंच्याहत्तर. तिसरी, एकशे ऐंशी. संध्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

"बराबर हाय का?" अमृतरावांनी दारातून विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले, आणि त्यांना आत यायला जागा करून दिली.

त्यांच्या जूनच्या कागदावर मी हिंगोलीत परतल्यावर लगेच सही केली. प्रबंध लिहिताना सोळा तारखेचे आकडे गाळायचे नाहीत असं आम्ही ठरवलं, कारण गोठल्यावर या औषधाचं काय होतं हे त्यातून कळत होतं. मी संध्याला सांगितलं, "लिही. वाहतुकीत नमुने गोठले. नमुने गोठू देऊ नयेत ही सूचना मार्गदर्शकाने दिलेली नव्हती."

तिचा हात थांबला. "मॅडम, असं लिहायचं?"

"असंच लिही."

अमृतराव बाटल्या पुसत होते. म्हणाले, "काय लिहिलं ते वाचून दावा बरं." संध्याने वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकलं आणि फडका खांद्यावर टाकला.

"आन् मीठ?"

"मिठाचं नाही लिहिलं, काका," संध्या म्हणाली. "तुमचं नाव यायला नको म्हणून."

"मीठ लिहा," अमृतराव म्हणाले. "न्हाईतर पुढच्या साली दुसरा कुनी टाकंल."

आम्ही मीठ लिहिलं.